पोरं, रान आणि शिदोरी: खान्देशातले तुमचे अनुभव सांगा

आम्ही जळगावात राहतो. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. घसरगुंडीच्या बागेत आता त्यांचं मन रमत नाही. सकाळी निघून रात्री घरी येता येईल असं, सगळ्यांना खुलं असलेलं रान किंवा तळं हवंय. तुम्ही मुलांना कुठे नेलंत, काय घडलं, सविस्तर लिहा. सुरुवात मीच करते.

दिवाळीच्या सुट्टीत रावेरहून पालला गेलो. केळीच्या बागा मागे पडल्या आणि सातपुड्यातला साग सुरू झाला. तिथल्या एका आजोबांनी सागाचं कोवळं पान लेकीच्या तळहातावर चोळलं, तर हात मेंदीसारखा लाल! अळीने खाऊन नुसती जाळी उरलेली पानं दोघांनी पिशवीभर गोळा केली. ती अजून वह्यांत आहेत. वाटेत एका ठिकाणी मात्र स्वच्छतागृहाला कुलूप होतं. मुलीला घेऊन आडोसा शोधताना फार वाईट वाटलं. पाण्याची जादा बाटली आणि एक जुनी साडी गाडीत ठेवाच.

चाळीसगाव, निवृत्त शिक्षक

नात सहावीत. श्रावणात तिला पाटणादेवीला नेलं. चाळीसगावहून साधारण १८ किलोमीटर, गौताळा अभयारण्यातलं ठिकाण. देवीचं दर्शन झाल्यावर ओढ्याकाठी दशम्या सोडल्या. तेवढ्यात वानराने चटणीची पुडी पळवली. पोर घाबरली, रडली. त्यानंतर खाणं उघड्यावर काढलं नाही.

मग तिला सांगितलं, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, तसा इसवी सन १२०७ च्या सुमाराचा शिलालेख इथलाच. आजोबांची गणितं नातवाने जपली, हे ऐकून ती खुलली. म्हणाली, "त्यातलं एक घाला." भुंग्यांचं घातलं. थव्याचा पाचवा हिस्सा कदंबाकडे गेला, तिसरा शिलिंध्राच्या फुलाकडे. या दोन हिश्श्यांतल्या फरकाच्या तिप्पट कुड्याकडे. एक भुंगा केवडा आणि मालतीच्या वासाने भुलून मधेच घिरट्या घालतोय. तर थवा किती? कागद नव्हता. तिने ओढ्यातले खडे आणले. पाचाने आणि तिनाने भाग जायला हवा म्हणून पंधरा मांडले. तीन, पाच, सहा, आणि एक खडा हातात उरला. तो खडा तिने घरी आणला. चाळीस वर्षं फळ्यावर गणित शिकवलं, पण असा तास मला कधी मिळाला नव्हता.

भुसावळ, दोन मुलांचे बाबा

थंडीत हतनूर धरण. तापी-पूर्णेच्या पाण्यावर चक्रवाक आणि थापट्या बदकं उतरतात. सूर्य वर यायच्या आत पोहोचा. दुर्बीण एकच होती, त्यावरून दोघांची भांडणं झाली, म्हणून पुढच्या वेळी दुसरी उसनी नेली. धाकट्याला पक्ष्यांपेक्षा काठावरचे शंख आवडले. त्याला तेच करू दिलं.

धुळे, मावशी

आमचं लळिंगचं कुरण. मुंबई-आग्रा रस्त्यालगत, धुळ्यापासून जवळच. पावसाळ्यात गवत पोरांच्या कमरेएवढं वाढतं, म्हणून पायात बूट आणि हातात काठी हवीच. भाचा विचारत होता, "लांडोर बंगला म्हणजे काय?" लांडोर म्हणजे मोराची मादी, हे सांगितलं. ३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब आंबेडकर या बंगल्यात मुक्कामाला होते, हेही सांगितलं. त्याला वाटलं, बाबासाहेबांनीही इथून मोर ऐकले असतील. मलाही तसंच वाटतं. एप्रिल-मेमध्ये मात्र पोरांना नेऊ नका, माय वं, आपल्याकडचं ऊन मोठ्यांनाही झेपत नाही.

शहादा, एक आई

तोरणमाळला लहान मुलांना एका दिवसात पळवू नका. सातपायरी घाटात आमच्या लेकीला तीनदा उलटी झाली. मुक्काम केला, आणि दुसऱ्या सकाळी यशवंत तलावाकाठी धुकं बघून तीच म्हणाली, "आज पण इथेच राहू."