रिपोर्ट नॉर्मल, तरी आईचं अंग ठणकतंच

मृदुला: आई ५२ वर्षांची. वर्षभर मान, खांदे, कंबर, मांड्या ठणकतात. झोपून उठली तरी थकलेलीच. पोळ्या लाटता लाटता ओट्याला टेकते. थायरॉइड, आरए फॅक्टर (संधिवातासाठीची रक्ततपासणी), ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी) नॉर्मल. एका डॉक्टरांनी 'मनाचे खेळ' म्हणून परत पाठवलं. फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखणं आणि थकवा टिकून राहणारा आजार, त्याची तपासणी कोणती?

सुनंदाताई: मृदुला, आधी आईला सांग, तिचं दुखणं खरं आहे. मलाही हेच आहे. याची वेगळी रक्ततपासणी नसते; रक्त तपासतात ते दुसरे आजार वगळायला. पूर्वी १८ जागा दाबून बघत, ११ दुखल्या की निदान. २०१० च्या निकषांपासून ३ महिने टिकलेलं, अंगभर पसरलेलं दुखणं, झोप, थकवा, विसराळूपणा हे बघतात. संधिवाततज्ज्ञांना दाखव.

केदार: व्हिटॅमिन डी आणि बी१२ पण बघा.

मृदुला: डी भरून काढलं, फरक नाही. ब्रुफेन देऊ?

सुनंदाताई: नको गं, यात त्याचा फारसा उपयोग नाही, पोट मात्र बिघडतं. मला डॉक्टरांनी रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिनचा लहान डोस दिला, झोप सुधारली. काहींना ड्युलॉक्सेटिन किंवा प्रीगॅबलिन देतात. पण मोठा आधार चालण्याचा. मी सोसायटीच्या गेटपर्यंतच जायचे, मग हळूहळू वाढवलं. आणि बरं वाटलं म्हणून आईला त्याच दिवशी माळा आवरायला काढू देऊ नकोस.