प्रतिसाद: करसुधारणा आणि निधी
आयकर विभागावर आधीच पुष्कळ खर्च होतो, त्यामुळे सुधारणांसाठी वेगळा निधी नको, हे वरचे मत मला पटत नाही. २०२३-२४ मध्ये प्रत्यक्ष करवसुलीचा खर्च वसुलीच्या ०.४४ टक्के, म्हणजे शंभर रुपयांमागे चव्वेचाळीस पैसे होता. याला उधळपट्टी म्हणणे कठीण आहे. 'पॅन २.०'साठी, म्हणजे पॅन क्रमांकाशी संबंधित सेवांच्या नव्या संगणकप्रणालीसाठी, १,४३५ कोटी रुपये मंजूर झाले, ते योग्यच; पण संगणकप्रणालीला पैसा मिळतो आणि माणसांच्या भरतीचा व प्रशिक्षणाचा विषय मागे पडतो, ही खरी अडचण आहे. २०२० पासूनच्या चेहराविरहित पद्धतीत (करदाता आणि अधिकारी समोरासमोर न येता होणाऱ्या ऑनलाइन तपासणीत) जळगावच्या सराफाचे किंवा धरणगावच्या जिनिंगवाल्याचे प्रकरण दूरच्या शहरातील अधिकाऱ्याकडे जाऊ शकते, आणि कापसाचा हंगाम, उधारी, दिवाळीनंतरची देणी-घेणी त्या अधिकाऱ्याला ठाऊक नसतील, तर नोटिसांवर नोटिसा निघत राहतात. (स्थानिक ओळखीतून होणारे व्यवहार थांबले, हा लाभ मात्र मान्य करायलाच हवा.) जून २०२१ मध्ये आयकर विभागाचे नवे संकेतस्थळ सुरू होताच इतके अडखळले की विवरणपत्रांची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत न्यावी लागली. तेव्हा २०२५ च्या नव्या आयकर कायद्याच्या अंमलबजावणीसाठी चाचणी, मराठीतून मदत आणि धुळे-नंदुरबारसारख्या ठिकाणी पुरेसे कर्मचारी यांची तरतूद अर्थसंकल्पातच स्वतंत्रपणे दाखवावी.