अनुभव धागा : लांब जाऊन दुसऱ्यांसाठी केलेलं बांधकाम

पाटणकर
परवा गल्लीत स्लॅब टाकत होते. मिक्सरची घरघर ऐकली आणि थेट हटबे आठवलं. लिटल अंदमान. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तिथे कामाला माणसं हवी होती. माझा सिव्हिलचा डिप्लोमा नुकताच झालेला, नोकरी नव्हती, एका संस्थेबरोबर गेलो. चेन्नईहून जहाजाने पोर्ट ब्लेअर, पुढे रात्रभर छोट्या बोटीत. लोक तेव्हाही पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्यांत राहत होते, दुपारी आत नुसती भट्टी. आम्हाला अंगणवाडीची खोली बांधायची होती.

तिथे बांधकामाचा वैरी म्हणजे मीठ. वाळूत मीठ, वाऱ्यात मीठ. ते सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते, गंज फुगतो आणि वरचं काँक्रीट फोडून काढतो. म्हणून वाळू गोड्या पाण्याने धुवायची. साइटवरचे इंजिनिअर काका धुतलेली वाळू डिस्टिल्ड वॉटरमध्ये हलवायचे, वरची निवळी बाजूला काढून तिच्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. दुधासारखी पांढरी झाली म्हणजे मीठ अजून बाकी, की घमेली परत पाण्याखाली. आणि पाणी कुठलं? पत्र्यावरून पन्हळीने पिंपात धरलेलं पावसाचं. शेजारी एक बंगाली आजी होत्या, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबातल्या. पिण्याच्या पाण्याची मारामार, तरी स्वतःच्या पिंपातलं पाणी आमच्या वाळूवर ओतायच्या. पोरांची खोली आहे, ती टिकली पाहिजे, एवढंच म्हणायच्या.

अंदमान तेव्हा भूकंपाच्या पाचव्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या झोनमध्ये. माझी आजी ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपातून वाचलेली. दगडमातीच्या भिंती माणसांवर कशा आल्या ते तिच्याकडून लहानपणापासून ऐकलंय. त्यामुळे उभ्या सळयांना बांधणाऱ्या रिंगांचे हूक १३५ अंशांत आत का वळवायचे, जोत्याला आणि लिंटेलला, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वर, काँक्रीटचा पट्टा सलग का फिरवायचा, हे मला कुणी वेगळं समजावायची गरज पडली नाही. एकेक हूक हाताने तपासला.

तुम्ही कुणी असं काम केलं असेल तर लिहा.

फौजी अपशिंगे
दादा, पोर्ट ब्लेअरला पोस्टिंग होतं माझं. सँडफ्लाय चावल्या का तुम्हाला? आठवडाभर खाज. आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचलाच अंधार, घड्याळ आपलं पण सूर्य तिकडचा. सेल्युलर जेल बघितलं असेल तर त्याच्या विटा ब्रह्मदेशातून आणल्या होत्या. त्या काळी बोटीतून एवढ्या विटा!

पाटणकर
काका, सँडफ्लायचं नाव नका काढू 😄 खोबरेल लावून बसायचो. अंधाराचं अगदी खरं, म्हणून उजाडताच पाचला कामाला लागायचो.

हरिपूरची सून
बेटावर नाही गेले, पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने आमच्या घराचंच बेट केलं होतं. पाणी ओसरल्यावर परगावची कॉलेजची पोरं आली. नाव ना गाव माहीत, फावड्याने गाळ काढला, भिंती धुतल्या. आमच्या सासूबाईंनी त्यांना स्टोव्हवर पिठलं-भात करून घातला. एकाला पुस्तकांचं कपाट उघडता येईना, लाकूड फुगलेलं. त्याने ते फोडलं नाही, बिजागरी काढून उघडलं. आजही ते कपाट वापरते. भाजी करपतेय, नंतर लिहिते.

माणदेशी
आमच्याकडे पाणीच नाही त्यामुळे आमचं बांधकाम म्हणजे चर आणि बांध. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेला सलग समतल चर खोदले, ए-फ्रेमने (समपातळी शोधायची ए आकाराची चौकट) आखणी करायला आमची बारावीची पोरगी शिकली आणि अख्ख्या गावाला शिकवलं तिने. २०१६ ला कोरेगावचं वेळू पहिलं आलं तेव्हा आम्ही बघायला गेलो होतो.

मिरजेचा ठेकेदार
पाटणकर, कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, किती ठेवलं होतं? खाऱ्या हवेत इंचभर पुरत नाही. आणि क्युरिंगला, काँक्रीट ओलं ठेवायला, पाणी कुठून आणलंत?

पाटणकर
बाहेरच्या बाजूला दोन इंच, सिमेंटचे ठोकळे तिथेच पाडले. क्युरिंगला ओली पोती, पाणी तेच पावसाचं. समुद्राचं पाणी चुकूनही नको असं इंजिनिअर काकांनी बजावलं होतं.

मिरजेचा ठेकेदार
शाब्बास. किनाऱ्यावरचे कित्येक ठेकेदार एवढं पाळत नाहीत.

वाईकर ताई
हे सगळं ठीक, जेवायला काय होतं? भाकरी मिळाली का?

पाटणकर
कुठली भाकरी ताई! भात, मासे, नारळ. जाताना आईने शेंगदाण्याची चटणी दिली होती, ती त्या बंगाली आजींना इतकी आवडली की अर्धी बरणी त्यांच्याकडेच गेली.

वाईकर ताई
बरं झालं. माझा भाचा सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला हा धागा पाठवतेय. ते सिल्व्हर नायट्रेटचं त्याला नीट समजावाल का? रविवारी फोन करायला सांगते.

पाटणकर
जरूर. दुपारनंतर करू दे, सकाळी मी शेतात असतो.

हरिपूरची सून
आले परत. भाजी वाचली. माणदेशी, तुमची ती पोरगी आता काय करते?

माणदेशी
कृषी पदवीला आहे, कऱ्हाडला.