दीड हजारात कोच होतो का?

घाटवेडा:
पळण्याचं पर्सनल कोचिंग करणाऱ्या एका गृहस्थांनी परवा लिहिलं, "ग्रुपला महिना दीड हजार भरणारे टी-शर्ट आणि फोटो विकत घेतात, ट्रेनिंग नाही. मेंढरांना कुठला आलाय प्लॅन?" खाली टाळ्याच टाळ्या. डोकं फिरलं, म्हणून हा धागा.

मी बँकेत कारकून. महिन्याला आठ हजार कोचला देणं परवडत नाही, आणि परवडलं तरी घरी सांगायची हिंमत नाही. आमचा कोच चाळीस जणांना एकच तक्ता देतो, मान्य. मंगळवारी इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू, असं आलटून पालटून), गुरुवारी टेम्पो (बराच वेळ एकसारखं जोरात), रविवारी लाँग रन. पण हाफ मॅरेथॉन अडीच तासांत संपवायला धडपडणाऱ्याला याहून वेगळं लागतं काय? बहुतेकांची चूक एकच, सोप्या दिवशी जीव खाऊन पळायचं आणि मग इंटरव्हलला पाय उचलत नाहीत. हे ऐकायला आठ हजार? साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट सगळ्यांना तेवढाच चढावा लागतो, आणि उतरताना मांड्यांची वाट सगळ्यांचीच लागते.

डॉ. गुडघे:
सोमवारी दवाखान्यात हीच "सगळ्यांची" रांग असते. पंचेचाळिशीतल्या एक बाई आल्या होत्या. तक्त्यात चौदावरून अठरा किमी होतं म्हणून त्याही अठरा पळाल्या. नडगी दुखते म्हटल्यावर कोच म्हणाला, बर्फ लावा. शिन स्प्लिंटचं, म्हणजे जास्त पळून होणारं नडगीचं साधं दुखणं हाडाच्या कडेने वीतभर पसरतं. यांचं एका बोटाखाली मावत होतं, तिथं दाबलं की कळवळायच्या. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक तडा. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तोही तळाला. चाळीस जणांत त्यांची पाळी, झोप, जेवण कोण विचारणार?

घाटवेडा:
आणि पर्सनल कोचवाले तुमच्याकडे फक्त चहाला येतात वाटतं?

नाशिककर:
ग्रुपला मेंढरं म्हणणाऱ्यांनी धावपटू अविनाश साबळेकडे बघावं. लष्कराच्या ग्रुपात घडलेला पोरगा. 2018 साली भुवनेश्वरला त्याने स्टीपलचेसमधला (अडथळ्यांच्या शर्यतीतला) गोपाळ सैनींचा 1981 पासूनचा विक्रम मोडला. कुठला पर्सनल कोच घेऊन बसलात!

डॉ. गुडघे:
अहो, लष्करातली पोरं सकाळी पळून झाल्यावर जेवतात, झोपतात आणि संध्याकाळी पुन्हा पळतात. पळणं हीच त्यांची नोकरी. शिवाय बरोबरचे सगळे जवळपास त्याच वेगाचे. तुमच्या ग्रुपात पाचच्या पेसवाला (किलोमीटरला पाच मिनिटं) आणि नऊच्या पेसवाला एकाच तक्त्यावर, आणि नऊवाला रात्री अकराला ऑफिसातून आलेला. साबळेचं नाव घेऊन हे खपवू नका.

टेकडीवासी:
दोन्ही बाजूंना साष्टांग नमस्कार. पुण्यात वेताळ टेकडीवर पहाटे साडेपाचला स्पीकर लावून येणारे ग्रुप बंद करा, मग कोचिंगचं बोलू. पूर्वी मोराचा आवाज यायचा, आता "कम ऑन टीम" येतो. पायवाटेवर चौघं-चौघं शेजारी शेजारी, आणि मागे एनर्जी जेलची पाकिटं.

नाशिककर:
टेकडी काय तुमच्या नावावर आहे?

टेकडीवासी:
नाही, म्हणूनच तुमचा कचरा मी उचलतो. स्वतःच्या अंगणात फेकाल का ती पाकिटं?

घाटवेडा:
काका, आमचा ग्रुप स्पीकर लावत नाही. आणि विषय फीचा आहे.

टेकडीवासी:
सगळे असंच म्हणतात. स्पीकर बहुधा स्वतःच टेकडी चढतो.

मी_मुक्ता:
स्पीकरचा मलाही वैताग आहे. पण "ग्रुप बंद करा" म्हणणाऱ्या पुरुषांनी पहाटे पाचला अंधाऱ्या रस्त्यावर बाई म्हणून एकदा पळून बघावं. शेजारी बाईक हळू होते तेव्हा पेस आपोआप वाढतो, त्याला इंटरव्हल म्हणत नाहीत. दीड हजारात मला बरोबर पळणाऱ्या दहा बायका मिळतात. हे कुठला ऑनलाइन कोच देतो?

आणि पर्सनल कोचही करून झालाय. ॲपवर वर्कआउट झाला की हिरवा चौकोन, चुकला की लाल. वडील आयसीयूत असताना आठवडाभर लाल चौकोन, आणि साहेबांचा मेसेज, "कन्सिस्टन्सी?" पुढच्या महिन्याच्या प्लॅनवर तर वर नाव भलत्याच माणसाचं! त्यात सायकलिंगही होतं. माझ्याकडे सायकलच नाही.

डॉ. गुडघे:
तो कोच वाईट होता. पद्धत नाही.

मी_मुक्ता:
मग बर्फ लावा म्हणणाराही एकटाच वाईट होता म्हणा की. पर्सनलवाल्यांनी आपण किती जणांना "पर्सनल" आहोत ते जाहीर करावं, मग फीचं बोलू.

डॉ. गुडघे:
बरं बाई, हा मुद्दा बिनतोड आहे. तरी जुनं दुखणं असेल, बाळंतपणानंतर परत सुरू करत असाल किंवा आयर्नमॅन (पोहणं, सायकल आणि पळणं एकाच शर्यतीत) डोक्यात असेल, तर निदान तीन महिने तरी स्वतंत्र माणूस धरा. बाकीच्यांनी खुशाल ग्रुपात पळावं. माझा धंदा चालू राहील.

घाटवेडा:
आभारी आहोत. फेरिटिनचं कोचच्या कानावर घालतो. आठ हजार मात्र देणार नाही.

मी_मुक्ता:
रविवारी आम्ही सिंहगड चढतोय. टेकडीवासी काका, या. स्पीकर नाही, पाकिटं खिशात.

टेकडीवासी:
आतकरवाडीच्या पायवाटेने असाल तर येतो. डांबरी रस्त्यावर गाड्यांचा धूर खायला नाही.

घाटवेडा:
पायवाटेने हिल रिपीट, म्हणजे तोच चढ पुन्हा पुन्हा? डॉक्टर, सोमवारची रांग वाढली म्हणून समजा.