शून्य रकमेची तिकिटं

काल आईची जुनी पर्स आवरत होते. आतल्या कप्प्यात एसटीची तिकिटं, घडी घालून रबर लावलेली. सगळ्यांवर रक्कम शून्य. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत झाली, तेव्हा आई ७८ ची. त्याआधी "कशाला उगाच खर्च" म्हणून माहेरी जाणं टाळायची, मग दर महिन्याला निघायला लागली. कंडक्टरने मागायच्या आधीच आधार कार्ड पुढे. तिकिटं का जपली, हे विचारायचं राहूनच गेलं. आता मीही निवृत्त झालेय. सवलतींनी तुमच्या खर्चाच्या सवयी बदलल्या का? लिहा ना.

*

ताई, डोळे भरून आले. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

*

आमचं उलटंच. रेल्वेत पुरुषांना साठीनंतर ४० टक्के, बायकांना ५८ नंतर ५० टक्के सूट होती. मार्च २०२० मध्ये बंद झाली आणि जूनमध्ये मला साठ पूर्ण! मेव्हणीकडे वर्षातून दोनदा जायचो, आता एकदाच. खालच्या बर्थचा कोटा आहे, पण तिकिटावर दोघंच असलो तर. नातू जोडला की तोही गेला.

*

मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना एसटीत अर्धं तिकीट. सून आणि मी एकाच भावात 😄

*

पगार होता तेव्हा हिशोब महिन्याचा, आता तिमाहीचा. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीत जमा होतं, म्हणून चष्मा, मिक्सरची दुरुस्ती सगळं त्या तारखांवर ढकलतो. गेल्या जूनमध्ये दाढ दुखत होती, तर लवंग धरून जुलैची वाट पाहिली. मुलगा खूप रागावला, आणि त्याचं बरोबरच होतं. आता दवाखान्याचे पैसे वेगळे काढून ठेवतो, त्यांना हात लावत नाही.

*

लवंगेने थांबलं का दुखणं? माझीही परवापासून ठणकतेय.

*

तात्पुरतं. आधी डॉक्टरांकडे जा.

*

कुकर उतरवला. आमच्या ह्यांना सवलत मागणं म्हणजे हात पसरल्यासारखं वाटायचं. पासष्टी उलटली तरी पूर्ण तिकीट काढायचे. एकदा कंडक्टरच म्हणाला, "काका, इतकी वर्षं पूर्ण तिकीट काढलंत ना? मग हे हक्काचं आहे." त्या दिवशी पहिल्यांदा अर्धं घेतलं, आणि उरलेल्या पैशांचा गजरा आणला माझ्यासाठी. ताई, आईंनी तिकिटं का जपली ते मला कळतंय.

*

शहरातल्या बसला चालते का ही सवलत?

*

नाही, एसटीलाच. तेही राज्याच्या हद्दीपर्यंत.

*

ताई, त्या मशीनच्या तिकिटांवरची शाई उडते. लॅमिनेशन करू नका, उष्णतेने काळी पडतील. झेरॉक्स काढून ठेवा.

*

बरं झालं सांगितलंत. वरची दोन कोरी झालीत, पण खालच्यांवर गावाचं नाव अजून दिसतंय. आत्ताच निघते झेरॉक्सला.