'मलप्रत्यारोपण' : हा शब्द चालेल का?

मूळ प्रश्न
आतड्याचा संसर्ग परत परत होणाऱ्या रुग्णांसाठी एक माहितीपत्रक मराठीत आणते आहे. 'फीकल मायक्रोबायोटा ट्रान्सप्लांट'ला 'मलप्रत्यारोपण' लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. तिचा पहिला प्रश्न : "टाके किती पडतात?"
आता यात टाके कुठले! निरोगी माणसाचा मल सलाइनमध्ये कालवायचा, गाळायचा आणि नळीतून, एनिमाने किंवा कॅप्सूलमधून रुग्णाच्या आतड्यात पोचवायचा. पण 'मूत्रपिंड प्रत्यारोपण' ऐकून कान इतके तयार झालेत की शब्दाबरोबर ऑपरेशन थिएटर आपोआप येतं. 'मलसंक्रमण' लिहून खोडलं. दुसरं काही सुचतंय?

प्रतिसाद १
खोडलंत ते बरं केलंत. संसर्गावरच्या उपचाराचं नाव 'संक्रमण'? रुग्ण पळून जाईल.
मी डॉक्टर आहे, भाषेतलं कमी कळतं. पण आजाराची चाल सांगतो, शब्द त्यातूनच मिळेल. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जिवाणू बहुधा अँटिबायोटिकनंतर डोकं वर काढतो, कारण आतड्यात त्याला दाबून ठेवणारे जिवाणू औषधाने मेलेले असतात. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं की जुलाब थांबतात, पण या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे कवचातली सुप्त रूपं, त्या औषधाला दाद देत नाहीत. गोळ्या संपल्या की काहींच्या पोटात ते पुन्हा रुजतात. रान मोकळं, तण माजणारच. तिथे नुसतं तणनाशक मारून भागत नाही, पीक उभं करावं लागतं. नेदरलँड्समधल्या २०१३ च्या चाचणीत असा मल एकदाच दिल्यावर १६ पैकी १३ जण बरे झाले. नुसत्या व्हँकोमायसिनवर १३ पैकी ४.
म्हणून माझं मत 'रोपण'ला. 'प्रति' कशाला?

प्रतिसाद २
'रोपण'ला अनुमोदन. 'आरोप' आणि 'आरोपण' दोन्ही 'रुह्'चेच, म्हणजे उगवणे, वर चढणे. दोष चढवला की आरोप, उलट चढवला की प्रत्यारोप. (प्रत्यारोपणाच्या बातमीत 'प्रत्यारोप' छापलेलं मी पाहिलंय.)
खरी अडचण पूर्वपदाची आहे. 'मल' फार ढोबळ. आयुर्वेदात मूत्र आणि घामही मलच. नेमका शब्द 'पुरीष', पण तो कळणार कुणाला? 'विष्ठा' पक्ष्याप्राण्यांची. 'शौच'ची तर गंमतच, मूळ अर्थ शुचिता! आणि रोपायचाय कुठे मल? रोपायचेत जिवाणू, मल नुसती माती. 'सूक्ष्मजीवरोपण' करा.

प्रतिसाद १
एवढं सोवळं नको. 'सूक्ष्मजीवरोपण' वाचून रुग्णाला वाटेल, प्रयोगशाळेत वाढवलेलं काहीतरी देतायत. २०१९ मध्ये अमेरिकेत दोन रुग्णांना अशा मलातून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय गेला, त्यातला एक दगावला. त्या मलाची त्या जिवाणूसाठी तपासणीच झालेली नव्हती. संमतीपत्रावर सही करणाऱ्याला पदार्थ कुठून आला हे स्पष्ट कळलंच पाहिजे. 'मल' राहू द्या.

प्रतिसाद ३
दडवादडवी जुनीच आहे. जुन्या चिनी वैद्यकात असलंच औषध 'पिवळं सूप' म्हणून पाजायचे.
आणि 'रिकरंट'ला काय लिहिलंत? 'पुनरावर्ती' नको. मराठीत दुखणं 'उलटतं'.

मूळ प्रश्न विचारणारी
'आजार उलटला' मलाही आवडतं, पण पोटाच्या आजारात 'उलटला' म्हटलं की उलटी आठवते. 'बरा होऊन पुन्हा उद्भवणारा' ठेवते, लांबलं तर लांबलं. 'जंतू'ही काढलं, आई त्याचे 'जंत' करते आणि औषध विचारते.
शीर्षक 'मलातील सूक्ष्मजीवांचे रोपण'. खाली पहिलंच वाक्य : "तपासलेल्या निरोगी व्यक्तीच्या शौचातले उपयोगी जिवाणू तुमच्या आतड्यात सोडले जातात; यासाठी पोटावर शस्त्रक्रिया करावी लागत नाही."
आईला पुन्हा वाचून दाखवलं. टाक्यांचा विषय संपला. आता विचारते, "पण कुणाचं?"
'डोनर'ला 'मलदाता' लिहू?

प्रतिसाद २
नुसतं 'दाता' लिहा हो. काय दिलं ते शीर्षकात आलंय.