कराड–चिपळूण आणि रोजची शाळा: ईव्ही, हायब्रिड की हायड्रोजनसाठी थांबू?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. माझ्या डिझेल गाडीची १५ वर्षं येत्या मार्चमध्ये भरतायत. पुन्हा पासिंग करून ओढायची नाही, हे घरात ठरलंय. बजेट १८ लाखांपर्यंत, त्यावर एक रुपया नाही.

वापर असा. मी शिक्षिका आहे. रोज कराड ते उंब्रज जाऊन-येऊन ३६ किलोमीटर. महिन्यातून दोनदा चिपळूणला आईकडे, कुंभार्ली घाटातून. आई ७८ वर्षांची आहे, फोन आला की रात्री-अपरात्री निघावं लागतं. त्यामुळे "चार्जिंग नाही म्हणून थांबले" हे मला चालणारच नाही.

मुलगी म्हणते इलेक्ट्रिक घे. शोरूमवाला हायब्रिडच्या मागे लागलाय. आणि दीर म्हणतात दोन वर्षं कळ काढा, हायड्रोजन येतोय, गडकरी स्वतः त्या गाडीतून संसदेत गेले होते. खरंच थांबावं का? ज्यांनी गाडी वापरलीय त्यांनीच सांगा, व्हिडिओ बघून डोकं भणभणलंय.

वायरमन_पाटण

ताई, मी इलेक्ट्रिकची कामं घेतो आणि तीन वर्षं ४० युनिट बॅटरीची ईव्ही चालवतोय. तुमचा घाट माझ्या रोजच्या वाटेवरचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मागच्या महिन्यात कराडहून निघालो तेव्हा बॅटरी ९८ टक्के. घाटमाथ्यावर ७४. तिथून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, रीजन (गाडी मंदावताना बॅटरी भरणारी सोय) वरच्या लेव्हलला ठेवलं आणि ब्रेकला जवळपास हात न लावता उतरलो. खाली पोफळीला आलो तर आकडा ७६! मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरी भरत होती. कोयनेचं पाणी ह्याच डोंगरातून उतरून पोफळीत वीज करतं, तेच काम माझी गाडी करत होती. मला दर वेळी याचं अप्रूप वाटतं. चिपळूणला ७२ उरले. परत येताना चढाला बॅटरी भरभर खाली येते, नुसत्या घाटालाच १० टक्के गेले. तरी रात्री कराडला ३० टक्के शिल्लक होते, वाटेत कुठेही चार्जर लावला नव्हता.

म्हणजे रेंजची काळजी तुम्हाला नाही. काळजी आहे ती गाडी रात्री कुठे उभी राहते याची. स्वतःचं पार्किंग आणि तिथवर तुमच्या मीटरची वायर पोचत असेल, तर ईव्हीच घ्या. रोजच्या ३६ किलोमीटरला सहाएक युनिट लागतात, साध्या १६ ॲम्पियरच्या सॉकेटवर दोन तासांचं काम. रोज रात्री लावून ठेवलीत की आईचा फोन कधीही येवो, गाडी तयार असते.

दोन गोष्टी शोरूममध्ये कोणी सांगत नाही. एक, घरच्याच मीटरवर चार्ज केलं की महिन्याचे युनिट वाढतात आणि बिल वरच्या टप्प्यात जातं. छतावर सोलर बसवता आलं तर हा प्रश्नच सुटतो. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे. दुसरी गोष्ट अर्थिंग. माझ्याकडे येणाऱ्या दर चार तक्रारींत तीन "चार्जरचा लाल दिवा लागतो" अशा असतात. गाडी ठणठणीत असते. मागे एका घरी गेलो तर अर्थिंगची तार नळाच्या पायपाला गुंडाळलेली, आणि पायप पुढे प्लॅस्टिकचा! चार्जर बरोबरच अडून बसला होता. नवीन अर्थिंग करून घ्या, आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी कधीही लावू नका.

हायड्रोजनचं सांगतो. १ किलो हायड्रोजन पाण्यापासून काढायला ५० ते ५५ युनिट वीज जाते, आणि त्या किलोत गाडी साधारण १०० किलोमीटर चालते. तीच ५५ युनिट माझ्या गाडीत भरली तर मी साडेतीनशे किलोमीटर जातो. शिवाय तो गॅस ७०० बारच्या दाबाने भरावा लागतो, आपल्या टायरमधल्या हवेच्या तीनशेपट. असा पंप उंब्रजला कोण टाकणार? हायड्रोजनला माझा विरोध नाही. टाटांनी मार्च २०२५ मध्ये हायड्रोजनचे ट्रक चाचणीला काढलेत, जड माल आणि लांब पल्ल्याला त्याचा उपयोग होईल. पण तुमच्या शाळेसाठी त्याची वाट बघू नका.

रोज_रत्नागिरी

मी औषध कंपनीत एमआर आहे. आज राजापूर, उद्या देवगड, कधी मुक्काम लॉजवर, गाडी रस्त्याकडेला. माझ्यासारख्याला हायब्रिडच बरी. पेट्रोल भरलं की निघालो. कंपनी २७-२८ चं मायलेज सांगते. मला गावातून आणि घाटातून २२-२३ मिळतं, हायवेला शंभरने हाणली की १८-१९ वर येतं. लोकांना वाटतं हायब्रिड म्हणजे अर्धी इलेक्ट्रिक. तसं नाही. माझ्या गाडीची बॅटरी एका युनिटचीसुद्धा नाही, ती उतारावर आणि ब्रेकला भरते आणि ट्रॅफिकमध्ये इंजिनला विश्रांती देते. खर्च शेवटी पेट्रोलचाच.

किमतीचंही बघा. ४ मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर ४० टक्के जीएसटी, ईव्हीवर ५. ईव्हीला आपल्याकडे रोड टॅक्सही नाही. ताई, तुमचं रोजचं अंतर ठरलेलं आहे. मी तुमच्या जागी असतो तर हायब्रिड घेतली नसती.

साताऱ्याचा_सॅनहोजेत

दिरांना माझा अनुभव नक्की सांगा. मी २०२१ मध्ये इथे कॅलिफोर्नियात हायड्रोजनची गाडी लीजवर घेतली. सोबत १५,००० डॉलरचं इंधन कार्ड मिळालं होतं. गाडी अतिशय सुंदर, आवाज नाही, पाच मिनिटांत टाकी फुल. पण पंपावर माझ्या पुढे दोन गाड्या असल्या की माझा जीव टांगणीला लागायचा, कारण त्यानंतर दाब पुन्हा वाढेपर्यंत मशीन थांबतं. गॅस उणे ४० अंशाला थंड करून सोडतात, त्यामुळे नोझल गाडीला गोठून चिकटायचं. हाताने धरून, फुंकर घालून सुटायची वाट बघायची. २०२३ मध्ये किलोचा भाव ३६ डॉलरला गेला, कार्ड बघता बघता संपलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका मोठ्या तेल कंपनीने राज्यातले आपले कारसाठीचे पंप कायमचे बंद केले. त्यानंतर मी ऑफिसला जायच्या आधी ॲपवर कुठला पंप चालू आहे ते बघायचो. बायकोला दिवस भरत आले तेव्हा मी शेजाऱ्याची पेट्रोल गाडी मागून ठेवली होती. आईसाठी रात्री निघायचं असेल तर हे नको, ताई. मनापासून सांगतोय.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. दिरांना सॅनहोजेच्या दादांचं वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, घे ईव्ही.

पार्किंग माझ्या नावावर आहे, सेक्रेटरींशी बोलले, त्यांनी लेखी अर्ज मागितलाय. आज टेप घेऊन मोजलं. मीटर बोर्डापासून माझ्या खांबापर्यंत २३ मीटर. वायरमन दादा, ४ स्क्वेअर एमएमची वायर पुरेल का? आणि तासवडे नाक्याला ईव्हीला टोल माफ आहे का?

वायरमन_पाटण

तासवडेला माफी नाही ताई. राज्याने ऑगस्ट २०२५ पासून दिलेली माफी अटल सेतू, मुंबई–पुणे एक्सप्रेस वे आणि समृद्धी एवढ्यालाच आहे.

१६ ॲम्पियरला ४ ची पुरते. पण ६ ची तांब्याची ओढा, पुढे ७ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा मोठा चार्जर, लावायचा झाला तर पुन्हा भिंत फोडावी लागणार नाही. पायपातून घ्या, उघडी नको. अर्जात स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी तुमच्या खर्चाने असं स्पष्ट लिहा, त्यावर सोसायट्या सहसा अडवत नाहीत. रविवारी मी कराडला आहे, अर्थिंगचा खड्डा कुठे घ्यायचा ते येऊन दाखवतो.